अडलेली बाळंतीण आणि जुने टाके



बाळंतपणात गर्भाशय फाटणे ही घटना विरळा घडते. पण घडते तेव्हा माता आणि मूल दोघांच्याही जिवावर बेतते. रक्तस्राव पोटातच होतो, बाहेर फारसा दिसत नाही, आणि मुलाचा प्राणवायू काही मिनिटांतच तुटतो. हा विषय आपल्यापुढे मांडण्याचे कारण असे की, याची कारणे बहुतांशी आधी ओळखता येतात.

जेथे प्रसूतीची सोय दूर आहे, अशा देशांत मुख्य कारण अडलेले बाळंतपण हेच आहे. मुलाचे डोके मातेच्या कटिभागातून उतरत नाही, किंवा मूल आडवे असते. कळा मात्र चालूच राहतात. गर्भाशयाचा वरचा भाग जाड होत जातो, खालचा ताणून पातळ होतो आणि अखेर फाटतो. अशा वेळी पहिलटकरणीच्या कळा बहुधा मंदावतात. चार-पाच बाळंतपणे झालेल्या स्त्रीच्या मंदावत नाहीत. म्हणूनच ‘तिला सवय आहे, सहज मोकळी होईल’ हा घरातील दिलासा आम्हांस धोक्याचा वाटतो.

हे वेळीच कळावे म्हणून १९७२ मध्ये आजच्या झिंबाब्वेत फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी प्रसूतीच्या आलेखावर दोन रेषा आखल्या. पहिली इशाऱ्याची, दुसरी तिच्यापुढे चार तासांवर, कृतीची. दूरच्या केंद्रातील सुईणीला बाळंतिणीस मोठ्या रुग्णालयात केव्हा हलवावे, हे त्या कागदावरून उमगू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंड येथे ३५,४८४ स्त्रियांमध्ये त्याची परीक्षा केली. १९९४ च्या अहवालानुसार लांबलेली बाळंतपणे त्यामुळे घटली. २०२० पासून संघटनेने सुधारित आलेख दिला आहे. तो नियमाने भरणे हे मात्र परिचारिकेच्याच हाती आहे.

आपल्या देशात चित्र पालटते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के प्रसूती संस्थांत होत. २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के. त्याच काळात सिझेरियनचे प्रमाण ८.५ वरून २१.५ टक्क्यांवर गेले. पहिली वाढ आनंदाची. दुसरीमुळे गर्भाशयावर जुना व्रण घेऊन येणाऱ्या माता वाढल्या. खालच्या भागावरील आडवा छेद पुढील प्रसूतीच्या कळांत उसवण्याचा धोका शंभरात एक किंवा त्याहून कमी असतो. वरच्या भागातील उभ्या छेदाचा त्याच्या कितीतरी पट. पोटावरील व्रण पाहून आतील छेद कळत नाही, तो कागदावरच कळतो. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असल्यास धोका आणखी वाढतो.

तिसरे कारण मानवनिर्मित आहे. मूल जन्मल्यानंतर ऑक्सिटोसिनचे दहा युनिटांचे इंजेक्शन रक्तस्राव रोखून मातेचे प्राण वाचवते. तेच औषध जन्मापूर्वी ‘कळा वाढाव्यात’ म्हणून दंडात किंवा कमरेत टोचले, तर त्याचा जोर आवरता येत नाही. सलाईनमधून, थेंब मोजून आणि बाळाचे ठोके ऐकतच ते द्यावे लागते. घरी अशी सुई टोचून घेण्याचा आग्रह आप्तांनी कदापि धरू नये.

कळा एकाएकी थांबणे, पोटात सतत दुखणे, अंगावर रक्त जाणे, नाडी जलद होणे, बाळाचे ठोके हरपणे, ही लक्षणे दिसताच शस्त्रक्रियेस विलंब चालत नाही. तेव्हा रात्री हजर असलेला भूलतज्ज्ञ, गटानुसार साठवलेले रक्त आणि चालू स्थितीतील रुग्णवाहिका यांवरच सारे अवलंबून असते. देणगीदारांनी यंत्रसामग्रीइतकाच या नित्यखर्चाचाही विचार करावा, अशी आमची विनंती आहे. नव्या यंत्रावर नावाची पाटी लागते, रात्रपाळीवर लागत नाही, हे आम्ही जाणतो.

आप्तांना इतकेच सांगणे आहे: पूर्वी सिझेरियन झाले असल्यास नावनोंदणीच्या दिवशीच त्या वेळचा कागद आणावा. तो हरवला असेल, तर जेथे शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयातून सातवा महिना लागण्यापूर्वी नक्कल मागवून घ्यावी.