पाच सरोवरं आणि आठ संमती
(अभ्यासवर्गातील भाषण)

मैत्रिणींनो, पाण्याचा विषय निघाला की आपण हंडा, रांग आणि टँकर यांवर बोलतो. ते बोललंच पाहिजे. पण पाणी कुणी आणि किती उचलायचं हे जिथे ठरतं, त्या बैठकांविषयी आपण फारसं बोलत नाही. म्हणून आज मी मुद्दाम दूरचं उदाहरण घेतलं आहे: अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधली सुपीरिअर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ऑन्टॅरिओ ही पाच सरोवरं.

पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा इथे साठलेला आहे. वाटेल, एवढं असताना काटकसर कशाला? पण पावसाने-बर्फाने वर्षाला त्यातलं जेमतेम एक टक्का पाणी नव्याने भरून निघतं. बाकीची हिमयुगाची ठेव. घरखर्च चालवणाऱ्या बाईला व्याज आणि मुद्दल यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

१९९८ साली ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारने एका कंपनीला सुपीरिअरचं पाणी जहाजाने आशियात नेऊन विकायचा परवाना दिला. वर्षाला ६० कोटी लिटरपर्यंत! दोन्ही देशांत ओरड झाली आणि परवाना मागे गेला. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली. सीमेवरच्या पाण्याचा १९०९चा तह होता, राज्यांनी आणि प्रांतांनी केलेली १९८५ची सनदही होती; मात्र ही सनद कुणावर बंधनकारक नव्हती. मग वाटाघाटी सुरू झाल्या. २००५ मध्ये अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडाचे दोन प्रांत यांनी करार केला, आणि आठ राज्यांमधला कायदेशीर करार ८ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. नियम असा, की पाणी खोऱ्याबाहेर न्यायचं नाही. खोऱ्याच्या कडेवरच्या वस्त्यांना थोडी सवलत आहे, पण गाव पूर्णपणे खोऱ्याबाहेर असेल तर आठही गव्हर्नरांची संमती लागते. एकाने नकार दिला की विषय संपला.

विस्कॉन्सिनमधलं वॉकेशा शहर असंच. मिशिगन सरोवर जवळ, पण शहराचा उतार पलीकडच्या खोऱ्यात, आणि खोल विहिरींच्या पाण्यात रेडियम. २०१६ मध्ये आठही जणांनी होकार दिला. अट अशी, की वापरलेलं पाणी शुद्ध करून रूट नदीतून सरोवराला परत द्यायचं. २०२३ मध्ये शहराला पाणी मिळू लागलं. मला ही अट फार आवडते. आपल्याकडे घेणाऱ्याला असं कोण विचारतं?

आता करारातली फट. ५.७ गॅलन, म्हणजे सुमारे साडेएकवीस लिटर किंवा त्याहून लहान भांड्यांतून पाणी बाहेर नेलं, तर त्याचं काय करायचं हे ज्या त्या राज्याच्या मर्जीवर सोडलं आहे. टँकर अडवला आणि बाटलीला दार उघडं ठेवलं! आणि करार सरोवर राखतो, नळ नव्हे. या सरोवरांच्या ऐन मध्ये वसलेल्या डेट्रॉइटमध्ये २०१४ साली बिल थकलं म्हणून हजारो घरांचं पाणी तोडलं. पैसे नसलेल्यांचं पाणी तोडणं हा मानवी हक्कांचा भंग आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना म्हणावं लागलं.

शेवटी जोसेफिन मँडामिन. अनिशिनाबे या आदिवासी समाजातल्या या आजी साठी ओलांडल्यावर, २००३ साली, तांब्याच्या बादलीत पाणी घेऊन सुपीरिअरभोवती पायी निघाल्या आणि पुढच्या वर्षांत उरलेल्या सरोवरांभोवतीही चालल्या. २०१९ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या परंपरेत पाण्याची राखण बायकांकडे असते. हे वाचून मी आधी सावध झाले; राखणीच्या नावाखाली कष्टही बाईच्याच माथी मारलेले आपण पाहतोच. पण मँडामिनबाई चालत होत्या त्या सरोवरांच्या आजाराकडे लोकांचं लक्ष वेधायला. करार मात्र गव्हर्नर आणि प्रांतप्रमुख यांच्यातला आहे. आदिवासी राष्ट्रांशी सल्लामसलत करायची, असं त्यात लिहिलं आहे. मत त्यांना नाही.