उक्ते काम आणि न लिहिलेली कलमे

चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर हे गाव आहे. जिल्हा बुलढाणा, मुलूख वऱ्हाडचा. अशा गावात बसूनही आज एखादी पदवीधर गृहिणी पुण्यामुंबईच्या प्रकाशकांसाठी भाषांतरे करू शकते, एखादा तरुण चित्रे काढून धाडू शकतो. कचेरी नाही, हजेरीपट नाही, महिन्याचा ठरलेला पगारही नाही. या व्यवसायास हल्ली फ्रीलान्सिंग म्हणतात. परंतु मराठीत त्यास जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे उक्ते काम. गवंडी भिंतीचे काम उक्ते घेतो, त्याचप्रमाणे भाषांतरकार ग्रंथाचे काम उक्ते घेतो. फरक एवढाच की, भाव ठरविताना गवंड्याची जीभ अडखळत नाही, सुशिक्षिताची अडखळते.

"पैशांचे मागाहून पाहू, आपण का परके आहोत? काम तर सुरू करा," असे गिऱ्हाइकाने म्हटले की शिकलेला मनुष्य ओशाळून मान हलवितो. बलुतेदारीच्या काळी असे बोलणे खपत असे. कारण सुताराचे बलुते रूढीने ठरलेले होते आणि ते त्याला खळ्यावर मिळते की नाही हे सारा गाव पाहत होता. उक्ते काम करणाऱ्याच्या पाठीशी असा गाव नसतो. त्याच्यापाशी असतो तो कागद, आणि कागदावर जे उतरले नाही त्याचा लाभ बहुधा बळिष्ठ पक्षाकडे जातो.

याचा मोठा दाखला खुद्द वऱ्हाडच्या इतिहासात आहे. १८५३ सालच्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च त्या उत्पन्नातून भागवावयाचा आणि शिल्लक उरेल ती निजामास द्यावयाची, असे ठरले. वरकरणी हा सौदा न्याय्यच दिसतो. पुढे १८६० साली दुसरा तह झाला. त्यात निजामाचे ५० लाख रुपयांचे कर्ज माफ झाले, काही मुलूखही त्यास परत मिळाला; परंतु त्याच तहात निजामाने वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क सोडून दिला, आणि कारभारावर किती खर्च करावा हे सर्वस्वी इंग्रज सरकारच्या मर्जीवर राहिले. शिल्लक द्यावयाची खरी, पण खर्चाला मर्यादा नाही आणि हिशेब विचारावयाचा नाही! अखेर १९०२ साली लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेण्यात आले आणि निजामास वर्षाकाठी २५ लाख रुपये ठोक देण्याचे ठरले. वाट्याच्या जागी आकडा आला, पण तोपर्यंत मुलूख कायमचाच हातचा गेला होता. जेथे राजांची ही गत, तेथे एका भाषांतरकाराने "नफ्यातील काही भाग देऊ" या शब्दांवर किती विसंबावे? नफा कोणता, तो कोण मोजणार आणि वही कोणास पाहावयास मिळणार, हे तिने आधी विचारलेच पाहिजे.

आता न लिहिलेल्या कलमांविषयी. करार ज्या बाबतीत मुका असतो तेथे कायदा बोलू लागतो, आणि तो दर वेळी एकाच बाजूने बोलत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये भाषांतराचा पहिला मालक भाषांतर करणारा असतो. नोकरीत राहून केलेल्या कामाची गोष्ट निराळी. हा हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर देणाऱ्याच्या सहीचा लेख लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरताच गेला असे धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेणाऱ्याने वर्षभरात त्या हक्काचा उपयोगच केला नाही, तर लेखात वेगळे काही नसल्यास तो परत फिरतो. म्हणजे येथे मौन लेखकाच्या पथ्यावर पडते. म्हणूनच छापील मसुद्यात "सर्व हक्क, सर्व काळासाठी, सर्व जगात" हे शब्द घातलेले आढळतात. ते शब्द म्हणजे नुसता कायदेशीर अलंकार नव्हे. त्यांची वेगळी किंमत आहे आणि ती मागता येते.

छायाचित्रकाराचे मात्र नेमके उलट आहे. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले किंवा चित्र रंगविले, तर विरुद्ध करार नसल्यास सांगणारा मनुष्यच त्याचा पहिला मालक ठरतो. तेव्हा चित्रकार तरुणाने गप्प राहून चालावयाचे नाही. मूळ चित्रावरील हक्क राखावयाचा असेल तर तसे काम घेण्यापूर्वी लिहून घ्यावे. एकाच घरातील बहिणीस जे मौन तारते तेच भावास बुडविते, हा कायद्याचा एक चमत्कारच म्हणावयाचा.

भाव सांगण्यापूर्वी कामाची व्याप्ती विचारावी, हा क्रम मोडू नये. पाने किती, शब्द किती, मुद्रिते कोण तपासणार, फेरफार किती वेळा करून द्यावयाचे? दोन फेरफार ठरलेल्या रकमेत आणि तिसऱ्यापासून वेगळा आकार, एवढे एक वाक्य पुष्कळ कटकटी वाचविते. गिऱ्हाइकाने भाव उतरविण्यास सांगितले तर नुसता आकडा उतरवू नये, त्याबरोबर काहीतरी कमी करावे: मुदत वाढवून घ्यावी, फेरफार कमी करावेत किंवा हक्क मराठी आवृत्तीपुरता ठेवावा. नुसता उतरविलेला आकडा पहिला आकडा फुगविलेला होता अशी कबुलीच देतो. इसार आधी मागण्यातही कमीपणा नाही. बैलाच्या बाजारातही तो देतात.

या सगळ्यासाठी वकिलाकडून मुद्रांकावर दस्त करून घेतला पाहिजे असे नाही. १८७२ च्या करार कायद्याने तोंडी करारही मान्य आहे, आणि विद्युत् टपालाने झालेला करार केवळ तेवढ्याच कारणाने रद्द ठरत नाही. दूरध्वनीवर बोलणे झाले की त्याच संध्याकाळी "आज आपले बोलणे झाले त्याप्रमाणे पुढील गोष्टी ठरल्या; काही चुकले असल्यास कळवावे," असे पत्र धाडावे. कॉपीराइट दुसऱ्यास देण्याचा लेख मात्र सहीचाच हवा.

उरली वसुली. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याचा आश्रय एकट्याने सेवा देणाऱ्यासही घेता येतो. त्यासाठी उद्यम नोंदणी काम घेण्यापूर्वीच केलेली बरी. ती विनाशुल्क होते. करारात काहीही मुदत घातली तरी पैसे ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज चढते. हे दिवस काम स्वीकारल्याच्या तारखेपासून मोजावयाचे; आणि १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम पोचविल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस धरतात. तेव्हा अमडापूरहून हस्तलिखित धाडताना पोच मागवावी आणि ती तारखेसह जपून ठेवावी.