कॉल आणि कौल

‘यावर नंतर कॉल घेऊ’ हे वाक्य आता बीडच्या दुकानांत, बैठकांतही कानावर पडतं. फोनचा इथे संबंध नाही. कॉल घेणं म्हणजे निर्णय घेणं. अमेरिकेत असा कॉल ‘मेक’ करतात. ‘टेक’ ही भारतीय इंग्रजीची लकब, आपल्या ‘निर्णय घेणे’च्या वळणाची.

कानाला जवळचा ‘कौल’ मात्र मराठीत फार जुना. तो अरबीतून आला. अर्थ शब्द, वचन. मतदार आजही कौलच देतात. कॉल नंतरही घेता येतो, कौल दिला की माणूस बांधला जातो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

तो आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीत दिसतो. इथे ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. हंगामाआधी मुकादम उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देऊ करतो. पोरं आजीपाशी ठेवायची की सोबत न्यायची, शाळेचं काय, शेळी कुणाकडे द्यायची, हे चुलीपुढे बसून बोललं जातं. तिथे कुणी कॉल घेत नाही. ‘काय ते ठरवा एकदाचं,’ असं घरातली बाई म्हणते. उचलीचे पैसे हातात पडले, की ते ठरलेलं पुढचे कित्येक महिने फडात निभवावं लागतं.