वर्तमानपत्री मानसशास्त्र आणि वर्गातील मूल

(तालुका शिक्षण परिषदेतील भाषण)



मुलांच्या मनाविषयी काही ना काही नवा शोध लागल्याची वार्ता हल्ली वरचेवर छापून येते. मथळा ठसठशीत असतो. तो शोध किती मुलांवरून लावला, हे मात्र बहुधा अखेरच्या ओळीत असते, किंवा मुळीच नसते. पालक ती वार्ता मोबाइलवर घेऊन शाळेत येतो आणि विचारतो, "गुरुजी, हे खरे का?" खेड्यातील शिक्षकापाशी मानसशास्त्राची प्रयोगशाळा नाही, तरीही उत्तर देणे त्याला प्राप्तच असते. याहून गंभीर गोष्ट अशी की, शिक्षक स्वतःही ती वार्ता वाचतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गातील एखाद्या मुलाकडे त्याच चष्म्यातून पाहू लागतो.

अशा वार्तांत सर्वांत गाजलेली वार्ता मिठाईच्या प्रयोगाची. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्टॅनफर्ड विद्यापीठाची एक बालवाडी आहे. तेथे 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने हा प्रयोग आरंभिला. चार वर्षांच्या आसपासचे मूल एका खोलीत बसवीत. समोर मार्शमॅलो नावाची साखरेची मऊ मिठाई किंवा तसाच काही खाऊ ठेवीत. प्रयोगकर्ता सांगे, "मी बाहेर जाऊन येतो. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. धीर निघत नसेल तर घंटी वाजव, मी लगेच येईन, पण मग एकच मिळेल." कोणी डोळे झाकून घेई, कोणी गाणे म्हणे, कोणी पाठ फिरवून बसे. मूल धीर कसा धरते, हाच मिशेलचा मूळ प्रश्न होता. खाऊ झाकून ठेवला किंवा मन दुसऱ्या गोष्टीत रमविले, तर मूल अधिक वेळ थांबू शकते, असे त्याला आढळले. शिक्षकाच्या खऱ्या उपयोगाची गोष्ट हीच. परंतु ती मथळ्यात क्वचितच आली.

मथळा मिळाला तो पुढच्या एका निबंधाला. ती मुले मोठी झाल्यावर त्यांची चौकशी करण्यात आली आणि 1990 साली शोडा, मिशेल व पीक यांनी लिहिले की, लहानपणी अधिक वेळ थांबलेल्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशाच्या परीक्षेत अधिक गुण मिळाले. झाले! चौथ्या वर्षी खाऊ पुढ्यात असता जो हात आवरतो तोच पुढे यशस्वी होतो, असा डांगोरा जगभर पिटला गेला.

आता आकडे पाहावेत. मूळ प्रयोगांत सहाशेंहून अधिक मुले होती. पुढे ज्यांची माहिती मिळाली ती दोनशेंच्याही आत, आणि ज्यांचे परीक्षेतील गुण हाती आले ती शंभरांच्या आत. त्यांतही हा संबंध ठळकपणे दिसला तो एकाच गटात. खाऊ उघडा ठेवलेला आणि थांबण्याची कोणतीही युक्ती न शिकविलेली, असा तो गट. त्यातील ज्या मुलांचे गुण उपलब्ध होते, ती अवघी 35. नमुना लहान आहे, त्यामुळे संबंध प्रत्यक्षाहून मोठा दिसत असण्याचा संभव आहे, असा इशारा त्या संशोधकांनी त्याच निबंधात दिला होता. तो इशारा वार्ताहरांनी गाळला. दोष संशोधकांचा की छापणाऱ्यांचा, हे येथे निराळे सांगावयास नको.

लहान नमुना फसवितो तो कसा, हे एका रुपयाच्या नाण्याने वर्गात दाखविता येते. तीस मुलांपैकी प्रत्येकाने नाणे दहा वेळा उडवावे आणि छाप किती वेळा पडली ते लिहावे. दहांत सात किंवा अधिक वेळा छाप पडण्याचा संभव सुमारे सहांत एक असतो. म्हणजे तिसांतील पाचएक मुलांच्या पाटीवर सात, आठ, क्वचित नऊ असा आकडा दिसेल. ही मुले छाप पाडण्यात निपुण आहेत, असे कोणी म्हणणार नाही. तेच नाणे शंभर वेळा उडविले, तर सत्तर किंवा अधिक वेळा छाप पडण्याचा संभव लाखांत सुमारे चार एवढाच उरतो. नाणे तेच, हातही तोच. संख्या वाढली की योगायोगाचा जोर ओसरतो. आणि पाच मुलांच्या पाट्या तेवढ्या छापून उरलेल्या पंचवीस पुसून टाकल्या, तर वाचणाऱ्याची काय समजूत होईल?

तथापि केवळ संख्या विचारून भागत नाही. ती मुले कोण होती, हेही विचारले पाहिजे. मिशेलच्या बालवाडीतील मुले बव्हंशी विद्यापीठाशी संबंधित घरांतील होती. 1993 साली निघालेल्या मोत्सार्टच्या संगीताविषयीच्या प्रयोगात 36 जण होते आणि ते सगळे महाविद्यालयीन विद्यार्थी. परिणाम दिसला तो एका प्रकारच्या कोड्यांपुरता, तोही दहा-पंधरा मिनिटे. तरीही 1998 साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाला संगीताची तबकडी देण्यासाठी 1,05,000 डॉलर मागितले. त्या प्रयोगात एकही तान्हे मूल नव्हते.

मिठाईच्या प्रयोगाकडे पुन्हा वळू. 2018 साली वॉट्स, डंकन व क्वान यांनी नऊशेंहून अधिक मुलांची माहिती तपासली. त्यांचा मुख्य भर ज्यांच्या माता महाविद्यालयीन पदवीपर्यंत पोचलेल्या नव्हत्या, अशा मुलांवर होता. थांबण्याचा आणि पंधराव्या वर्षीच्या अभ्यासातील प्रगतीचा संबंध येथेही आढळला, पण पूर्वीच्या निम्मा. आणि कुटुंबाची परिस्थिती, घरातील वातावरण व मुलाची आरंभीची समज हिशेबात घेतल्यावर त्या निम्म्यातीलही दोन तृतीयांश नाहीसा झाला. म्हणजे जे मुलाच्या स्वभावाचे म्हणून सांगितले जात होते, त्याचा बराच भाग त्याच्या घराचा होता.

2013 साली प्रसिद्ध झालेला रॉचेस्टर विद्यापीठातील प्रयोग याहून बोलका आहे. किड, पाल्मेरी व अॅस्लिन यांनी 28 मुलांचे दोन गट केले. एका गटाला आधी चांगले रंग व चित्रे आणून देण्याचे वचन दिले आणि ते पाळले. दुसऱ्या गटाला तेच वचन देऊन मोडले. मग खाऊ पुढे ठेवला. वचन पाळलेल्या चौदांपैकी नऊ मुले पूर्ण पंधरा मिनिटे थांबली. वचन मोडलेल्या चौदांपैकी एकच. येथे जागरूक शिक्षक हात वर करील: मुले तर अठ्ठावीसच! शंका रास्त आहे. मनाला पटणाऱ्या निष्कर्षालाही तोच गज लावावा लागतो. मात्र नऊ आणि एक यांतील अंतर एवढे मोठे आहे की, ते निव्वळ योगायोगाने पडणे अवघड. शिवाय कोणते मूल कोणत्या गटात जाईल, हे मुलाच्या स्वभावावर किंवा घरावर सोपविलेले नव्हते. लहान प्रयोग म्हणजे खोटा प्रयोग, असा अर्थ येथे घ्यावयाचा नाही. त्यावर किती भार टाकावा, एवढाच प्रश्न आहे.

ऊसतोडीच्या हंगामानंतर गावी परतलेले दुसरीतील एखादे मूल पोषण आहाराच्या रांगेत पुढे घुसते आणि केळे हाती पडताच तेथेच उभ्याने खाऊन टाकते. "उद्या मिळेल" या शब्दावर त्याने विश्वास का ठेवावा, हे त्याच्या मागील सहा महिन्यांना विचारावे. मिठाईची वार्ता वाचलेला शिक्षक वर्णनात्मक नोंदीत "उतावळा, संयमाचा अभाव" असे लिहितो. ती नोंद तिसरीच्या शिक्षकाकडे जाते, तेथून चौथीच्या. पुढे ते मूल मागच्या बाकावर बसते आणि त्याला फळ्यापाशी कोणी बोलावीत नाही. 35 मुलांवरून निघालेला निष्कर्ष, कितीही खरा असला तरी, या एका मुलाविषयी काही सांगत नाही. सरासरीत बसणारे मूल कोणत्याच वर्गात नसते.

नोंद लिहावयाची तर जे दिसले ते लिहावे: कोणत्या तारखेस, कोणत्या प्रसंगी, किती वेळा. "15 जून ते 30 जून, रांगेत चार वेळा पुढे घुसला, गटात खडू वाटावयास दिले तेव्हा दोन्ही वेळा स्वतःचा खडू शेवटी घेतला." पुढच्या शिक्षकाला यावरून काही करता येते. आणि मुलाला उद्या गोष्टीचे पुस्तक देण्याचे कबूल केले असेल, तर ते आजच कपाटातून काढून मेजावर ठेवावे.