नातवंडांची भेट : हक्क कोणाचा?



मुलाचा संसार मोडतो आणि जालन्यातील आजोबांच्या अंगणातून नातू नाहीसा होतो. त्याला भेटण्याचा स्वतंत्र हक्क आजी-आजोबांना आपल्या कायद्याने स्पष्ट शब्दांत दिलेला नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यान्वये सज्ञान नातवंडांकडे निर्वाहखर्च मागता येतो, सहवास नव्हे.

तथापि १८९० च्या पालक व पाल्य कायद्यान्वये दाद मागता येते. अर्ज मात्र बालक सामान्यतः जेथे राहते तेथेच. नातू पुण्यास, तर अर्जही पुण्यासच. तेथे कसोटी एकच, बालकाचे हित. कोरोनात अनाथ झालेल्या बालकाचा ताबा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आजी-आजोबांकडे सोपविला, तो याच कसोटीवर.

म्हणून सुनेवरील रोष न्यायालयात नेऊ नका. बाळाला आपली गरज आहे, एवढेच सिद्ध करा.