पट्ट्याची तालीम

नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखांत इंदापूर गांव वसलें आहे. छत्रपति शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईंत पडले, आणि त्यांच्या नांवाच्या गढीचे अवशेष तेथें अजून उभे आहेत. इंदापुराहून पश्चिमेस बारामतीला यावें, म्हणजे कऱ्हेच्या कांठीं बाबूजी नाइकांचा वाडा दृष्टीस पडतो. याच नाइकांच्या आश्रयानें मोरोपंतांनीं (१७२९-१७९४) आपल्या आर्या रचल्या. एक गांव तरवारीची आठवण सांगतें, दुसरें लेखणीची. मोरोपंतांच्या आर्या कागदावर उतरल्या म्हणून राहिल्या. परंतु मालोजीराजांच्या काळीं शिपाई तरवार कोणत्या रीतीनें धरीत, पाऊल कसें टाकीत, हें ज्ञान कागदावर फारसें उतरलें नाहीं. तें हातांतून हातांत आलें, आणि जेथें हात थांबला तेथें तेंहि थांबलें.

या विद्येला महाराष्ट्रांत मर्दानी खेळ असें नांव आहे. लाठी, फरी-गदगा, बोथाटी, विटा, तरवार आणि दांडपट्टा हीं तिचीं प्रमुख अंगें होत. खेळ हा शब्द ऐकून कोणीं फसूं नये. फरी म्हणजे लहानशी ढाल आणि गदगा म्हणजे चामड्यानें मढविलेली काठी. ही जोडी तरवार-ढालीच्या ठिकाणीं वापरली म्हणजे दोघांना जिवास अपाय न होतां खऱ्या युद्धाचा सराव करतां येतो. इंग्रज सरकारनें १८७८ सालीं हत्यारांचा कायदा केला आणि सामान्य माणसाच्या घरांतून परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची सोय गेली. त्यानंतर ही विद्या ज्या थोड्या जागीं तग धरून राहिली, त्यांत तालीम, उत्सव आणि मिरवणूक यांचा वांटा मोठा होता. युद्ध संपलें, सराव मात्र उरला.

या सर्व शस्त्रांत दांडपट्टा हें खास महाराष्ट्राचें म्हणून ओळखलें जातें. १६६५ सालीं पुरंदरावर दिलेरखानाशीं झुंजतांना मुरारबाजी देशपांडे पडले. त्यांच्या हातीं पट्टा होता अशी परंपरा आहे. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं या शस्त्रास राज्यशस्त्राचा मान दिला. पट्ट्याचें पातें लांब, सरळ, दुधारी व लवचिक असतें. त्याची मूठ मात्र इतर तरवारींसारखी नसते. शिकणाऱ्याचा हात कोपरापर्यंत एका लोखंडी खोबळ्यांत जातो आणि आंत आडव्या दांड्यावर मूठ आवळली जाते. याचा परिणाम असा होतो कीं मनगट जवळजवळ बांधलें जातें. साध्या तरवारीनें मनगटाच्या लहानशा वळणावर वार काढतां येतो. पट्टा तसा फिरत नाहीं. त्याचा वार कोपरांतून, खांद्यांतून आणि शेवटीं कमरेंतून यावा लागतो. कमर वळली नाहीं तर पातें भरकटतें. कमर वळविण्यासाठीं पाऊल योग्य जागीं पडलेलें असावें लागतें. म्हणजे हातांतील शस्त्राची गोष्ट अखेर जमिनीपाशीं येऊन पोंचते.

यामुळेंच चांगला वस्ताद नव्या मुलाच्या हातीं पट्टा एकदम देत नाहीं. आधीं काठी येते. एक पाऊल पुढें, एक मागें, शरीर बाजूला घेणें, वळून पुन्हां समोर येणें, हें सारें सावकाश, मोजून करावें लागतें. मुलास तें कंटाळवाणें वाटतें. काठीचा फेरा बसला म्हणजे फरी-गदगा, त्यानंतर तरवार, आणि मग पट्टा. लिंबू कापणें, तळहातावरील फळाचे दोन तुकडे करणें, हे मिरवणुकींतील टाळ्या मिळविणारे प्रकार या शिक्षणाच्या शेवटीं येतात. ते सुरवातीस आले तर शिकणाऱ्याच्या अंगीं वेग येतो, ताबा येत नाहीं. ताबा नसलेल्या वेगाची किंमत मात्र ज्याच्या हातावर तें फळ ठेवलेलें असतें, त्याला द्यावी लागते.

येथें चीन देशाकडे पाहणें उपयोगाचें ठरेल. तेथील ताइ-ची या व्यायामविद्येंत तरवारीचेहि फेरे आहेत. ही तरवार सरळ, दुधारी व हलकी असते. तिला चिनी भाषेंत ज्यान् म्हणतात, आणि ती शस्त्रांतील सज्जन समजली जाते. शिकणारा ती इतक्या संथपणें चालवितो कीं पाहणाऱ्यास तें शस्त्र आहे याचाच विसर पडावा. उजव्या हातीं तरवार आणि डाव्या हाताचीं पहिलीं दोन बोटें सरळ ताणलेलीं; तो हात रिकामा दिसला तरी तोल सांभाळण्याचें काम करीत असतो. या विद्येंतहि वार मनगटांतून निघत नाहीं, कमरेंतून निघतो. पट्ट्याला जी गोष्ट खोबळा जबरदस्तीनें शिकवितो, तीच गोष्ट ज्यान् मंदगतीनें शिकविते.

चीनच्या क्रीडाविभागानें १९५७ सालीं या जुन्या, लांबलचक फेऱ्यांतून निवड करून बत्तीस हालचालींचा एक आटोपशीर फेरा ठरविला. त्याचे प्रत्येकीं आठ हालचालींचे चार भाग आहेत. तो पुस्तकांत छापला गेला, शाळांत शिकविला गेला, आणि आज जगाच्या अनेक शहरांतील बागांमधून सकाळच्या वेळीं वृद्ध स्त्रीपुरुष तो करतांना दिसतात. ताइ-चीच्या संथ सरावानें वृद्धांचा तोल सुधारतो आणि पडण्याचें भय कमी होतें, असें वैद्यकीय अभ्यासांत आढळून आलें आहे. २०२० सालीं युनेस्कोनें ताइ-चीची गणना मानवजातीच्या अमूर्त वारशांत केली. या निवडीनें जुन्या घराण्यांतील बारकावे झांकले जातात, असा आक्षेप घेतां येईल आणि तो अगदींच पोकळ नाहीं. तथापि ज्याला घराणें लाभलें नाहीं, त्याच्या हातीं निदान कांहीं तरी आलें.

महाराष्ट्रानें या दिशेनें कांहींच केलें नाहीं असें मात्र नाहीं. १९१४ सालीं अमरावतीस वैद्यबंधूंनीं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं त्याच्या पथकानें भारतीय खेळ युरोपच्या लोकांपुढें करून दाखविले. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. पुण्यास १९२४ सालीं कॅप्टन शिवरामपंत दामले यांनीं महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली. इतकी सामग्री जवळ असतां, बारामतीच्या किंवा इंदापूरच्या कोणत्याहि मुलास सर्वत्र सारखाच शिकतां येईल असा पट्ट्याचा एक लहान, सर्वमान्य फेरा घरोघर पोंचलेला नाहीं. एका तालमीचा फेरा दुसऱ्या तालमीस ठाऊक नसतो. वस्ताद थकला, मुलगा नोकरीसाठीं पुण्यास गेला, कीं त्या तालमीची एक वाट बुजते.

याच बारामती-इंदापूरच्या रस्त्यानें दर आषाढांत तुकोबांची पालखी पंढरीस जाते. बेलवाडीस व इंदापूरास रिंगण होतें. त्या वेळीं वारकऱ्यांचीं पावलें टाळमृदंगाच्या ठेक्यावर एकदम पडतात आणि एकदम उठतात. तीं पावलें कोणत्याहि शाळेंत शिकविलेलीं नसतात. मूल बापाच्या खांद्यावरून तीं पाहतें, मोठें झाल्यावर त्या रांगेंत शिरतें, आणि तेथेंच शिकतें. सर्वांनीं मिळून, वर्षानुवर्षें, एकाच ठेक्यावर केलेली गोष्ट सहसा नष्ट होत नाहीं, हा धडा तेथें उघड्या मैदानावर मिळतो.

शिवजयंतीच्या मिरवणुकींत आज मुलांबरोबर मुलीहि लाठी व तरवार फिरवितांना दिसतात, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु मिरवणूक वर्षांतून एकदां निघते आणि अंगाची सवय रोज घडवावी लागते. ज्या आईबापांस आपल्या मुलीनें ही विद्या शिकावी असें वाटतें, त्यांनीं तिनें कापलेल्या लिंबाकडे पाहण्यापूर्वीं तिच्या पावलांकडे पाहावें. तीं सावकाश, मोजून आणि न डगमगतां पडत असतील, तर तिचा वस्ताद चांगला आहे, असें खुशाल समजावें. आणि तो वस्ताद जोंपर्यंत आहे, तोंपर्यंत त्याचा फेरा कोणी तरी लिहून, चित्रें काढून, चलच्चित्रांत घेऊन ठेवावा. मोरोपंतांच्या गांवाला लिहून ठेवण्याचें महत्त्व निराळें सांगावें लागूं नये.