वीस ग्रॅमचा हिशेब
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आजचा विषय अतिसूक्ष्म आहे. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरील केसाची जाडी यांतील हजारो मापांची भरेल. १ ते १०० नॅनोमीटर आकारातील पदार्थांचे गुणधर्म पुष्कळदा बदलतात, आणि त्यांचाच उपयोग औषधांत, रंगांत आणि आता शेतीतही होऊ लागला आहे.

आपल्यापैकी अनेकांची शेते गुजरातेत आहेत, म्हणून उदाहरण जवळचेच घेतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारत सरकारने खत नियंत्रण आदेशाखाली इफ्को या सहकारी संस्थेच्या द्रवरूप नॅनो युरियाला मान्यता दिली. २८ मे २०२२ रोजी कलोल येथील कारखान्याचे उद्घाटन झाले. अर्धा लिटरची एक बाटली पंचेचाळीस किलोच्या एका गोणीची जागा घेईल, असे शेतकऱ्यांना सांगण्यात आले.

आता साधे गणित मांडू या. त्या बाटलीत तेव्हा चार टक्के नत्र होते, म्हणजे २० ग्रॅम. गोणीतील युरियात शेकडा ४६ नत्र, म्हणजे २० किलोहून थोडे अधिक. फरक हजारपटीचा! जमिनीत टाकलेल्या युरियाचा मोठा भाग हवेत उडतो, पाण्याबरोबर वाहून जातो, हे खरे. पानांवरची फवारणी ती हानी टाळते, हेही खरे. परंतु एक टन गव्हाच्या दाण्यांतच सुमारे २० किलो नत्र असते. ते २० ग्रॅममधून कसे निघावे? २०२३ साली कोपनहेगन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हाच आक्षेप छापून मांडला. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगांतही भात व गव्हाचे उत्पन्न घटल्याचे दिसले. दुसऱ्या बाजूने कंपनीने आपल्या चाचण्यांचे आकडे पुढे केले.

मग वाद मिटवावा कोणी? जाहिरातीने नव्हे, आणि भीतीनेही नव्हे. जुलै २०२० मध्ये केंद्राने शेतीतील व अन्नातील नॅनो पदार्थांची सुरक्षितता, दर्जा आणि परिणामकारकता कशी तपासावी, याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. सूचना चांगल्या आहेत; पण तपासणीचे आकडे शेतकऱ्याच्या भाषेत, त्याच्या हाती पडले तरच त्यांना अर्थ. नाही तर एका हंगामाचे नुकसान तो सोसतो, आणि पुढे खरे उपयुक्त शोध आले तरी त्यांच्याकडे संशयानेच पाहतो.

मंडळी, आपल्या संस्थेचा जमाखर्च दरवर्षी तपासला जाऊन सभेपुढे येतो. म्हणूनच लोक विश्वासाने देणगी देतात. विज्ञानालाही हाच नियम लागू करावा. आपल्या मुलांना नवे शोध अवश्य शिकवा. आणि त्याबरोबर बाटलीवरील आकडा वाचून गुणाकार करायलाही शिकवा.